आदिलशहाचे जामीनदार

नळदुर्गचा किल्ला मूळचा कोणाचा, यावर जाणकारांत मतभेद आहेत. कोणी थेट नळराजापर्यंत मागं जातं, कोणी चालुक्यांपाशी थांबतं, मधे बहामनींचं नाव निघतं, आणि आज दिसतो तो काळ्या दगडाचा अफाट पसारा विजापूरच्या आदिलशाहीनं उभा केला, इथं येऊन सगळ्यांचं एकमत होतं. पण आमच्या व्याह्यांसमोर अर्धा तास बसून उठलेल्या माणसाला विचारून बघा. तो शपथेवर सांगेल की किल्ला व्याह्यांनीच बांधला, आदिलशहा नुसता उद्घाटनाला येऊन गेला. कारण व्याह्यांच्या बोलण्यात 'त्यांनी' हा शब्दच नसतो, सगळा 'आमी'चा कारभार. "बोरी नदीवर आमी धरण घातलं. हिकडं मोठा किल्ला, तिकडं रणमंडळाचा धाकटा किल्ला, मधी धरणाची भित. आन् त्या भितीच्या पोटात आमी महाल काढला. वरनं नदी चालली हाय आन् आत मानूस बसलाय. कोरडा!" हा 'कोरडा' शब्द ते ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात मी आजवर फक्त कीर्तनकारांना 'मोक्ष' म्हणताना ऐकलं आहे.

व्याह्यांचं नळदुर्गात घराला लागूनच सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे, आणि ते अजून चालू आहे हे किल्ल्यापेक्षा मोठं आश्चर्य आहे. कोणी गिऱ्हाईक येऊन वीस पोती सिमेंट मागितलं की व्याही आधी त्याला बसायला सांगत आणि शांतपणे विचारत, "घर किती वर्षं टिकवायचंय?" गिऱ्हाईक गोंधळे. "न्हाय, सिमिट मागितलं म्हनून इचारलं. पन्नास वर्षं बास आसतील तर घेऊन जा. चारशे वर्षं पायजे आसतील तर तसला माल माझ्याकडं न्हाय." मग चुन्याची घाणी, त्यात पडणारा गूळ, बेलफळाचं पाणी, बैल किती दिवस फिरायचे, हे सगळं सुरू व्हायचं, आणि तासाभरानं गिऱ्हाईक घर बांधायचा विचारच सोडून निघून जायचं. शेवटी मुलानं, म्हणजे आमच्या जावयानं, वडिलांना गल्ल्यावरून उठवून दुकानाबाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून दिली. त्याचा परिणाम एवढाच झाला की पूर्वी गिऱ्हाईक गल्ल्यापासून परत जायचं, ते आता लिंबापासूनच परत जाऊ लागलं.

आमची ओळख झाली ती ते कळंबला आमची मुलगी बघायला आले तेव्हा. आम्ही नुकतंच घर बांधलं होतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात बैठकीच्या खोलीत छताला ओलीचा एक भलामोठा डाग उमटला होता. मी मास्तर माणूस, पाहुण्यांचं लक्ष खाली राहावं म्हणून बायकोची नवी सतरंजी अंथरली. अश्विनी पोह्यांच्या बशा घेऊन आली, जावई (तेव्हा होऊ घातलेले) लाजून सतरंजीकडं बघू लागले, आणि व्याही मात्र मान मागं टाकून छताकडं. पोहे झाले, चहा झाला, मान खाली येईना. "माणूस बरा दिसत नाही," बायको आतून कुजबुजली, "पोरीकडं एकदाही बघितलं नाही." तेवढ्यात ते उठले, भिंतीवर बोटाची पेरं वाजवली, भिंतीला कान लावला आणि मला विचारलं, "मिस्त्री कुठला?"

"इथलाच, कळंबचा."

"हयात हाय?"

"हो हो, धडधाकट आहे."

"आसं," ते म्हणाले, आणि त्या 'आसं'मध्ये फार मोठी निराशा होती.

दोन दिवसांनी मोबाइलवर निरोप आला: 'मुलगी पसंत. स्लॅब नापसंत.' आणि लग्नाच्या आधी, नवऱ्या मुलाचा बाप असून, हा माणूस चुन्याच्या गोण्या आणि दोन गडी घेऊन आमच्या दारात उतरला. चार दिवस धोतर खोचून आमच्या गच्चीवर विटांचे तुकडे आणि चुना ठोकत होता. शेजारच्या काकूंनी माझ्या बायकोला विचारलं, "हे मिस्त्री दिवसाचे किती घेतात हो?" बायको म्हणाली, "ते आमचे व्याही आहेत." काकू आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत, त्यांना वाटलं सांगायचं नाही म्हणून थट्टा केली. मानपानात वरपक्षाला काय द्यायचं या चिंतेनं मी रात्ररात्र जागत होतो आणि वरपक्ष आमच्याच डोक्यावर बसून आम्हाला छत देत होता. तेव्हापासून आमची गच्ची गळत नाही, हे कबूल करायला मला अजूनही जड जातं.

बाकी जगातल्या इमारतींना व्याही वाईट म्हणत नाहीत, त्यांची कीव करतात. ज्येष्ठांच्या सहलीबरोबर आग्र्याला जाऊन आले. मी उत्सुकतेनं विचारलं, कसा वाटला ताजमहाल? "झ्याक हाय," ते म्हणाले. "लई उजळ. पर त्याच्यावरनं एकदा यमुना न्हेऊन दाखवा म्हनावं." परंड्याचा किल्ला तर आमच्याच जिल्ह्यातला, खंदकानं वेढलेला, देखणा. त्याच्याबद्दल त्यांना भावकीतल्या माणसाबद्दल वाटावं तसं प्रेम आहे, आणि तसंच अंतरही. "त्यो पान्यात पाय सोडून बसलाय निवांत. आमचा पानी अंगावर घेतो." धाराशिवला कलेक्टर कचेरीत काम निघालं की ते जाताना मुद्दाम टोपी नीट करून जातात, कारण जिल्ह्याचं ठिकाण एकेकाळी नळदुर्ग होतं. "तात्पुरतं दिलंय त्यांच्याकडं," असं ते अजून सांगतात.

त्यांच्या घरी पाहुणा गेला की चहाच्या आधी किल्ला. दाराशी "बर्री, बर्री" असं स्वागत होतं; सीमेवरचं गाव, तिथं 'या या' कानडीतून निघतं. पाहुणा चप्पल काढायला वाकतो तोवर हे चप्पल घालून बाहेर. हुलमुख दरवाजापाशी पोचले की मात्र ते स्वतःची चप्पल क्षणभर पायातून सोडतात, उंबऱ्याला हात लावतात, आणि मग सुटतात. नऊ पाकळ्यांचा नव बुरूज दाखवताना ते तोफेचा गोळा होतात. सपाट भिंत असती तर छातीवर कसा बसला असता आणि या गोलाईवरून कसा घसरून गेला, हे स्वतः घसरून दाखवतात. उपळी बुरुजाच्या उंच पायऱ्या त्या वयात न थांबता चढतात आणि वर जाऊन तोफेच्या पाठीवर थाप मारतात, जशी बाजारात बैलाच्या पाठीवर मारावी. पण खरा प्रयोग धरणाच्या भिंतीवर. तिथं ते दोन्ही हात पसरून स्वतः धरण होतात आणि पाहुण्याला नदी करतात. मला पहिल्या खेपेला, सोलापूरहून आलेल्या एका कॉलेजच्या सहलीसमोर, त्यांनी सांगितलं, "गुरुजी, तुमी बोरी. या आंगावर. आरं, जोरात या की, महापूर हाय!" मी बूट सांभाळत महापुरासारखा गेलो. त्यांनी मला छातीवर अडवलं, डाव्या काखेखाली 'नर' आणि उजव्या काखेखाली 'मादी' अशा दोन सांडव्यांतून माझे दोन हात बाहेर काढून सोडले, आणि मधल्या पोटावर टिचकी मारून म्हणाले, "हितं म्हाल. कोरडा!" सहलीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या एवढ्याच.

आता यात दुखरी गोष्ट कोणती, ते सांगतो. आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरी एक जुनी रीत आहे: लेकीला मूल होईपर्यंत आईनं लेकीच्या सासरी अन्न तर नाहीच, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. सौभाग्यवती बाकी बाबतींत आधुनिक आहेत, फोनवरून भाजी मागवतात, पण ही रीत त्यांनी कळंबहून नळदुर्गला डब्याबरोबर नेली. सोबत पाण्याची बाटली. पहिल्या वर्षी गंमत वाटली. व्याह्यांच्या मंडळी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या, घरात बाईमाणूस म्हणजे अश्विनीच. तेव्हा आदरातिथ्याची बाजू व्याहीच लढवायचे. म्हणायचे, "विहीणबाई, दुकानात या, दुकान म्हंजे काय घर न्हाय, जीएसटी नंबर येगळा हाय." बायको बधली नाही. मी मात्र जीएसटीचा मान राखून दुकानात तीन-तीन कप चहा पीत असे.

तिसऱ्या वर्षापासून गंमत वाटेनाशी झाली. अश्विनी आणि जावई सोलापूरला दवाखान्यांत खेपा घालत होते. त्यांच्याबद्दल कोणी काही विचारत नव्हतं, पण बायकोनं माजघरात बसून बाटलीचं झाकण उघडलं की न विचारता विचारल्यासारखं होई. झाकणाची ती किर्रर्र ऐकली की अश्विनीला स्वयंपाकघरात हमखास काहीतरी काम निघायचं. बायकोला ते दिसत होतं. तिला रीत मोडायची भीती वाटत होती, मोडली आणि त्यामुळंच काही अडलं तर? मलाही दिसत होतं. अशा वेळी मी पंख्याकडं बघतो. व्याह्यांना मात्र पंख्याकडं बघता येत नाही.

एका दुपारी झाकण उघडलं, अश्विनी उठून आत गेली, आणि व्याही लिंबाखालून उठून माजघरात आले. "विहीणबाई, तुमच्या रितीला म्या हात लावत न्हाय. पर पैज लावता का?"

बायकोला पैजेचं नाव काढलं की राहवत नाही. "कसली?"

"म्हालावरनं पानी चाललेलं आसताना तुमी आत हुबं ऱ्हायचं. छताचा येक थेंब आंगावर पडला तर म्या हरलो. तुमची बाटली तुमच्यापाशी, जल्मात पुन्यांदा इषय काडनार न्हाय. आन् न्हाय पडला, तर घरी यायचं आन् माझ्या सुनंच्या हातचं तांब्याभर पानी प्यायचं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

बायको म्हणाली, "तुम्ही हरलात तर नुसतं एवढ्यावर नाही भागायचं, व्याही. महाल गळत नाही, हे परत कोणाला सांगायचं नाही. कोणालाच."

मी व्याह्यांकडं बघितलं. एखाद्याला जमिनीचा सातबारा टेबलावर ठेवायला सांगावा, तसा त्यांचा चेहरा झाला. ते वाक्य काढून घेतलं तर या माणसात उरणार काय? सिमेंटचं दुकान! त्यांनी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात अश्विनी उभी होती, हात ओले. तिच्याकडं बघत ते म्हणाले, "कबूल."

पैज लागली आणि पाऊस रुसला. दोन वर्षं नदीच्या वरच्या अंगाचं सरकारी धरणच भरलं नाही, तर सांडव्यावरून काय जाणार? व्याही दर आठवड्याला फोन करून नदीची तब्येत सांगायचे, जशी अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची सांगावी. "आज जरा वर हाय. डाग्दर... न्हाय, वाचमन म्हनला, बघू." आणि मग एका सप्टेंबरात, सकाळी मी दाढीला बसलेला असताना, फोन वाजला आणि पलीकडून एकच शब्द आला, "सुटलं!" मी अर्ध्या दाढीनिशी उठलो. कळंबहून धाराशिव, धाराशिवहून तुळजापूर, तिथून नळदुर्ग, एसटी बदलत दुपारी पोचलो. बायको कोरडी सुती साडी नेसली होती, मुद्दाम फिक्या रंगाची, थेंब पडला तर लपू नये अशी. ती पैजेला किती खरी आहे हे तेव्हा मला कळलं, आणि मी मनातल्या मनात आदिलशहाला हात जोडले.

किल्ल्यात जत्रा लोटली होती. धरणाच्या भिंतीवर पाय ठेवला आणि पायाखालून थरथर जाणवली. बोरी दोन्ही सांडव्यांवरून स्वतःला खाली झोकून देत होती. नर आणि मादी दोघंही पांढरे शुभ्र, खाली धूर. व्याह्यांनी महालाच्या जिन्यापाशी थांबून नियम सांगितले, पंचांनी सांगावेत तसे: खिडकीतून वाऱ्यानं येतो तो तुषार धरायचा नाही, छतातून पडेल तोच थेंब धरायचा. अरुंद जिना उतरून आम्ही तिघं आणि अश्विनी भिंतीच्या पोटात शिरलो. मी वर्गात मोठ्या आवाजाबद्दल प्रसिद्ध आहे, पण तिथं माझा आवाज मलाच ऐकू येईना. डोक्यावरून एक सबंध नदी चालली होती आणि आमच्या भोवती नक्षीच्या कमानी, कोनाडे, दगडात कोरलेली फारसी अक्षरं, अगदी दिवाणखान्यासारखं निवांत. खिडकीतून पाण्याचा पडदा दिसत होता, त्यातून गाळलेला हिरवट उजेड आत येत होता. ज्या कोणी हे पहिल्यांदा मनात बांधलं, त्याची छाती काय असेल! नदीला घाबरून लांब घर बांधणारे आपण सगळे. हा म्हणाला, तू माझ्या डोक्यावरून जा, मी इथं बैठक मांडतो. बायकोनं भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हा महाल आपल्या जिल्ह्यातला आहे, या एका कारणानं मी उगाच ताठ उभा राहिलो.

सगळे पाण्याकडं बघत होते. व्याही फक्त विहीणबाईंच्या खांद्यांकडं बघत होते.

असा पाव तास गेला असेल. आणि त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं, पण माझ्या चष्म्यावर धुकं बसलेलं.

"पडला!" ते म्हणाले. त्या आवाजात पुटपुटून चालणार नव्हतं, त्यामुळं आयुष्यातली सर्वांत अवघड कबुली त्यांना ओरडून द्यावी लागली. "थेंब पडला! तुमच्या उजव्या खांद्यावर! म्या सोताच्या डोळ्यानं बघितला! हरलो, विहीणबाई!"

गर्दी वळून बघू लागली. बायकोनं खांद्याला हात लावला. मग तिनं अश्विनीकडं बघितलं. अश्विनी खिडकीपाशी पाठ करून उभी होती, पण तिची मान ताठ झाली होती.

"कुठं पडला?" बायको ओरडली. "घाम आहे तो!"

"घाम वरनं पडत न्हाय!"

"मग तुषार असंल, खिडकीतला!"

"खिडकी तिकडं ऱ्हायली की! छताचाच थेंब व्हता!"

"अहो, ज्याच्या अंगावर पडतो त्याला कळतं का बघणाऱ्याला? मी कोरडी आहे म्हणते ना!"

मी पुष्कळ भांडणं बघितली आहेत, शिक्षकांच्या खोलीत तर रोज बघतो. पण दोन माणसं स्वतः हरण्यासाठी इतक्या जिद्दीनं भांडताना पहिल्यांदाच बघितली. ज्या माणसानं ताजमहालाला सूट दिली नाही, तो भर गर्दीत आपला महाल गळतो म्हणून ओरडत होता. जी बाई पैजेसाठी फिकी साडी नेसून आली, ती धडधडीत खोटं बोलत होती. शेवटी दोघंही माझ्याकडं वळले, "गुरुजी, तुमी सांगा!" "अहो, तुम्ही बोला की!" मी वर बघितलं. तिथं पंखा नव्हता.

निकाल अश्विनीनं दिला. ती वळली, डोळे भरलेले, आणि सासऱ्यांना ती मामा म्हणते, तर म्हणाली, "मामा, घरी चला. आईला तहान लागली असंल."

आम्ही घरी आलो. बायको माजघरात नेहमीच्या जागी बसली. अश्विनीनं तांब्या आणला, आणि तो देताना ती आईच्या तोंडाकडंच बघत राहिली, तर निम्मं पाणी आईच्या मांडीवर सांडलं. "बघा," बायको म्हणाली, "महालात कोरडी राहिले आणि इथं येऊन भिजले." उरलेला तांब्या ती न थांबता प्यायली. मग तिनं अश्विनीला हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "मी उगीच एवढी वर्षं ओझं आणत होते गं." यावर अश्विनी जी रडली, ते बघायला व्याही थांबले नाहीत, बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. एक गिऱ्हाईक आलं, त्यानं पोतं मागितलं, आणि व्याह्यांनी घराची वर्षं न विचारता त्याला सरळ आत पाठवलं. मुलानं घाबरून बाहेर डोकावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कळंबला पोचतोय तोवर फोन. व्याही सकाळपासून सुनेला घेऊन महालात, त्याच जागेवर, मान वर करून दोन तास उभे होते. "येक थेंब न्हाय पडला, विहीणबाई! तुषारच व्हता त्यो. वारा फिरला आसंल. म्या उगीच हरलो!"

"मग? प्यालेलं पाणी परत देऊ का?" बायकोनं विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

याला आता दोन वर्षं झाली. घरात पाळणा हललेला नाही, आणि त्याबद्दल आता बाटलीच काय, कोणीच काही बोलत नाही. बायको मात्र हक्कानं नळदुर्गला जाते आणि आठ-आठ दिवस राहते. मी इकडं स्वतःच्या हातची खिचडी खातो. घर फार मोठं वाटतं. परवा संध्याकाळी तिचा फोन आला. व्याही तिला आणि अश्विनीला उपळी बुरुजावर घेऊन गेले होते. वरून सगळा मुलूख दिसतो, नदीचं वळण, रणमंडळ, लांबलांब पसरलेलं काळं रान. तिनं विचारलं, इथून कळंब दिसतं का हो? किल्ल्याच्या बाबतीत नाही हा शब्द माहीत नसलेला तो माणूस पहिल्यांदा म्हणाला, दिसत न्हाय. "पर दिशा दावतो," म्हणून हात लांब करून उत्तरेकडं धरला, आणि ती बराच वेळ तिकडं बघत उभी होती, म्हणे.

मी फोन ठेवला आणि अंगणात येऊन उभा राहिलो. मी वीस वर्षं भूगोल शिकवतो. तरी त्या अंधारून येणाऱ्या आकाशाखाली दक्षिण नेमकी कुठं, ते ठरवायला मला जरा वेळ लागला.